ध्रुवप्रदेशाचे चित्रगुप्त

ध्रुवप्रदेश म्हटला की आपल्यापुढे एक अफाट पांढरे पटांगण उभे राहते. नकाशाच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या टोकाला रंग न भरता सोडून दिलेली कोरी जागा, हीच बहुधा आपली ध्रुवप्रदेशाची कल्पना असते. शाळेतल्या मुलांना या प्रदेशाचे चित्र काढायला सांगा. ती कागद बव्हंशी कोराच ठेवतील, एका कोपऱ्यात पेंग्विन उभा करतील आणि त्याच्या शेजारी पांढरे अस्वल. वस्तुतः या दोघांची जन्मात कधी गाठ पडत नाही. एक दक्षिणेचा रहिवासी, तर दुसरे उत्तरेचे. पण मुलांनाच दोष कशाला द्यावा? जिथे सगळेच पांढरे, तिथे चित्रकाराला काम ते काय, आणि जिथे युगानुयुगे बर्फच साचलेला, तिथे बदल तो कसला, असे मोठ्यांनाही वाटत असते. या दोन्ही समजुती कशा अपुऱ्या आहेत, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

बदल दोन तऱ्हेचे असतात. पूर आला, दरड कोसळली, आग लागली, हा बदल कोणी सांगावा लागत नाही. दुसऱ्या तऱ्हेचा बदल केस पिकण्यासारखा. रोज आरशात पाहणाऱ्याला तो जाणवत नाही. पाच वर्षांनी भेटणाऱ्या स्नेह्याच्या मात्र तो तत्काळ नजरेत भरतो. ध्रुवप्रदेशातले पुष्कळसे बदल या दुसऱ्या जातीचे आहेत. दक्षिण ध्रुवखंडावर, म्हणजे अंटार्क्टिकावर, भारताचे मैत्री हे संशोधनकेंद्र ज्या परिसरात आहे, तिथे दक्षिण गंगोत्री नावाची एक हिमनदी आहे. तिच्या मुखाचे मोजमाप भारतीय भूवैज्ञानिकांनी १९८३ पासून चालविले. ते मुख मागे सरत असल्याचे दिसून आले; पण किती? वर्षाला सरासरी एक मीटरहूनही कमी. एखाद्या उन्हाळ्यापुरता तिथे गेलेला मनुष्य डोळ्यांत तेल घालून पाहील, तरी त्याला काही घडल्याचे दिसणार नाही. असा बदल कळावयाचा तर पूर्वी कोणीतरी जागेवर उभे राहून, आहे तसे, तारीखवार लिहून किंवा रेखाटून ठेवलेले असावे लागते. माणसाच्या बऱ्यावाइटाची बारीकसारीक नोंद ठेवणारा चित्रगुप्त आपल्या पुराणकथांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. ध्रुवप्रदेशालाही असे काही चित्रगुप्त लाभले, आणि त्यांतील कित्येक शब्दशः चित्रकार होते.

तथापि बर्फाचे चित्र काढणारा प्रत्येक जण साक्षीदार ठरत नाही. कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख या जर्मन चित्रकाराने १८२३-२४ मध्ये काढलेले 'हिमसागर' हे चित्र हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. बर्फाच्या प्रचंड लाद्या एकमेकींवर चढून त्यांचा जणू मनोरा झाला आहे, आणि त्याच्या बाजूला चिरडलेल्या जहाजाचा थोडासा भाग तेवढा दिसतो. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असे हे चित्र. पण फ्रीड्रिख उत्तर ध्रुवाकडे कधीच गेला नव्हता. ड्रेस्डेन शहराजवळ एल्ब नदी गोठली असता तिच्यावरील बर्फाच्या लाद्यांचा त्याने अभ्यास केला आणि बाकीचे कल्पनेने उभे केले. कलाकृती म्हणून तिचे मोल कमी होत नाही. परंतु त्या वर्षी उत्तरेचा बर्फ कसा होता, हे तिला विचारता येणार नाही. साक्ष द्यावयाची तर आधी जागेवर हजर असावे लागते.

जागेवर हजर राहून, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, केवळ खरे तेच काढावयाचे असे व्रत घेतलेला चित्रकार म्हणजे एडवर्ड विल्सन. त्याचा जन्म १८७२ चा, इंग्लंडमधील चेल्टनहॅम या गावचा. शिक्षणाने तो डॉक्टर, आवडीने पक्ष्यांचा अभ्यासक. चित्रकलेचे रीतसर शिक्षण असे त्याचे फारसे झालेच नव्हते. वैद्यकीचा अभ्यास चालू असतानाच त्याला क्षयाने गाठले. त्यातून तो उठला आणि १९०१ साली कॅप्टन स्कॉट यांच्या 'डिस्कव्हरी' जहाजावरून दक्षिण ध्रुवखंडाकडे निघाला. डॉक्टर, प्राणिशास्त्रज्ञ आणि चित्रकार, अशी तिन्ही कामे त्याच्याकडे होती. १९१० साली स्कॉट दुसऱ्यांदा निघाले, तेव्हा शास्त्रीय मंडळींचा प्रमुख म्हणून तो पुन्हा त्यांच्याबरोबर होता.

आता तिथे चित्र काढावयाचे कसे, याचा विचार करा. जलरंगाचे पाणी ब्रशवरच गोठते. हातमोजा घालून पेन्सिल नीट धरता येत नाही, आणि मोजा काढला तर काही क्षणांतच बोटे बधिर होतात. विल्सनने यावर साधा पण कष्टाचा उपाय योजला. उघड्यावर तो केवळ पेन्सिलीने रेखाटन करी आणि त्या रेखाटनात जागोजागी रंगांची नावे लिहून ठेवी. इथे फिकट गुलाबी, इथे जांभळट राखाडी, इथे लिंबाचा पिवळा. मधून मधून बोटांत ऊब यावी म्हणून हात मोज्यात घालावयाचा आणि पुन्हा बाहेर काढावयाचा. पुढे मुक्कामाच्या झोपडीत, दिव्याच्या उजेडात, त्या टिपणांवरून तो जलरंगांत चित्र पुरे करी. त्या काळच्या कॅमेऱ्याची छायाचित्रे प्रायः काळी-पांढरी असत. म्हणून त्या आकाशाचे रंग पुढच्या पिढीला कळले ते मुख्यतः या टिपणांमुळे. दुसऱ्या मोहिमेच्या हिवाळ्यात त्याने आपल्या सोबत्यांना रेखाटनकलेवर व्याख्यानही दिले. त्यात त्याने ही पद्धत समजावून सांगितली आणि अचूक रेखाटनाच्या सवयीवर भर दिला.

या अचूकपणाची किंमत त्याने डोळ्यांनी मोजली. १९०२ च्या अखेरीस स्कॉट, शॅकल्टन आणि विल्सन हे तिघे दक्षिणेकडे निघाले होते. दिवसभर घसरगाडी ओढून झाल्यावर बाकीचे विसावा घेत, तेव्हा विल्सन बर्फावर बसून पश्चिमेकडच्या पर्वतरांगेचे रेखाटन करी. तो प्रदेश त्यापूर्वी कोणी पाहिलाच नव्हता. तेव्हा त्या पर्वतांची ही पहिलीच नोंद होती. बर्फावरून परतणाऱ्या प्रखर उन्हाकडे काळा चष्मा न लावता तासन् तास पाहिल्याने त्याला हिमांधत्व आले. डोळ्यांत वाळू भरल्यासारख्या वेदना होऊ लागल्या. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून, काही न दिसता, त्याने आपल्या वाट्याची गाडी ओढली. बरे वाटताच पुन्हा पेन्सिल हाती घेतली. ३० डिसेंबर १९०२ रोजी ते ८२ अंश १७ मिनिटे दक्षिण अक्षांशापर्यंत पोचले. माणूस दक्षिणेकडे इतका दूर तोवर गेला नव्हता.

विल्सनच्या चित्रांत बर्फ पांढरा क्वचितच दिसतो. तो निळसर आहे, गुलाबी आहे, सावलीत जांभळा आहे, फटीत हिरवट आहे. सूर्याच्या दोन्ही बाजूंना दिसणारे प्रतिसूर्य, चंद्राभोवतीची खळी, क्षितिजावर उभा राहिलेला प्रकाशाचा खांब, हे सारे त्याने दिशा आणि वेळ यांसह टिपले. यांतील एक प्रकार विशेष सांगण्यासारखा आहे. हिवाळा सरता सरता तिकडच्या आकाशात कधी कधी शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकणारे ढग दिसतात. विल्सनला त्यांची मोहिनी पडली आणि असे सप्तरंगी ढग त्याने रंगवून ठेवले. हे ढग जमिनीपासून १५ ते २५ किलोमीटर उंचीवर, अत्यंत थंड हवेत तयार होतात. पुढे १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जोसेफ फार्मन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी प्रसिद्ध केले की, दक्षिण ध्रुवखंडावरील ओझोनचे आवरण वसंतऋतूत फार विरळ होऊ लागले आहे. त्याची कारणपरंपरा शोधता शोधता शास्त्रज्ञ याच जातीच्या ढगांपाशी येऊन ठेपले. शीतकपाटांत आणि फवाऱ्यांत पूर्वी वापरल्या गेलेल्या कृत्रिम वायूंतून आलेला क्लोरीन या ढगांच्या कणांवर क्रियाशील बनतो आणि सूर्य उगवला की ओझोनचा नाश करू लागतो. विल्सनला यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याने ते ढग रंगवले ते सुंदर आणि खरे म्हणून. पण ते कृत्रिम वायू जन्माला येण्यापूर्वीही ते ढग तिथे होते, दोष ढगांचा नसून त्यांत मिसळलेल्या वायूंचा आहे, ही साक्ष त्याच्या रंगांत राहून गेली. त्या वायूंवर बंधन घालणारा करार १९८७ साली माँट्रिआल येथे झाला आणि ओझोनचे आवरण आता हळूहळू भरून येत आहे.

विल्सनचा अंत सर्वश्रुत आहे. १७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट, विल्सन आणि त्यांचे तीन सोबती दक्षिण ध्रुवावर पोचले. पण नॉर्वेचा आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजीच तिथे येऊन गेला होता. पराभवाच्या त्या घटकेलाही विल्सनने वही काढली आणि आमुंडसेनने मागे ठेवलेल्या तंबूचे रेखाटन केले. परतीच्या वाटेवर, उपासमार आणि थंडी यांनी सारे खंगले असता, बिअर्डमोर हिमनदीच्या काठी त्यांनी वनस्पतींचे ठसे असलेले दगड गोळा केले. मार्चच्या अखेरीस स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स हे उरलेले तिघे तंबूत मरण पावले. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला तो तंबू सापडला, तेव्हा त्यांच्या गाडीवर सुमारे १६ किलो वजनाचे दगड होते. मरणाच्या दारातही त्यांनी ते ओझे टाकले नव्हते.

त्या दगडांतील पानांचे ठसे ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या, जगातून नाहीशा झालेल्या वनस्पतीचे ठरले. आपल्याला हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. नागपूरला एकोणिसाव्या शतकात राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी त्या परिसरातील खडकांतून याच वनस्पतीचे ठसे जमविले होते. कामठीच्या वालुकाश्मातली जिभेच्या आकाराची पाने आणि ध्रुवाजवळच्या डोंगरातली पाने एकाच कुळातली! कोट्यवधी वर्षांपूर्वी हिंदुस्थान आणि अंटार्क्टिका हे भूभाग जोडलेले होते आणि तिथे वने डोलत होती, या सिद्धांताला या दगडांनी मोठाच आधार दिला. जो प्रदेश आपण अचल म्हणतो, तो एके काळी हिरवागार होता. सोसण्याची तयारी असलेल्या डोळसांनी ही गोष्ट ओझ्यासारखी वाहून आणली म्हणून ती आपल्याला कळली. विल्सनच्या चित्रांचा मोठा संग्रह आज केंब्रिज येथे, १९२० साली स्थापन झालेल्या स्कॉट ध्रुवसंशोधन संस्थेत जपून ठेवलेला आहे.

पुढे पेन्सिलीची जागा बव्हंशी कॅमेऱ्याने घेतली. पण गोष्ट तीच राहिली. १९३२-३३ साली डेन्मार्कच्या मोहिमेने विमानातून ग्रीनलंडच्या आग्नेय किनाऱ्याची छायाचित्रे घेतली. हेतू नकाशे करण्याचा होता. नकाशे झाले आणि छायाचित्रे दप्तरात पडून राहिली. कित्येक दशकांनी संशोधकांच्या हाती ती लागली, आणि १९३० च्या दशकापासूनची ही चित्रे उपग्रहांच्या चित्रांशी ताडून १३२ हिमनद्यांचा इतिहास त्यांनी २०१२ साली मांडला. त्या इतिहासात एक रेघ सरळ नाही. १९३० च्या दशकातही हिमनद्या मागे हटत होत्या. मध्यंतरी हवा थंडावली तेव्हा पुष्कळशा स्थिरावल्या किंवा पुढे आल्या. आणि या शतकाच्या आरंभी पुन्हा झपाट्याने मागे गेल्या. अशीच दुसरी गोष्ट १९३७ सालची. लार्स क्रिस्टेन्सेन या नॉर्वेच्या देवमासे-व्यापाऱ्याच्या मोहिमेने पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याची जी हवाई छायाचित्रे काढली, त्यांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. आणि तेथील हिमनद्या पाऊणशेहून अधिक वर्षांत बहुतांशी स्थिर राहिल्या, किंबहुना किंचित वाढल्या, असे निष्पन्न झाले. साक्षीदार खरा असला म्हणजे तो आपल्याला हवे तेवढेच बोलत नाही. बर्फ वितळल्याचेही तो सांगतो आणि टिकल्याचेही सांगतो. म्हणूनच जिथे तो वितळल्याचे सांगतो, तिथे त्याच्यावर विश्वास ठेवणे भाग पडते.

२००७ साली जेम्स बॅलॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने आणखी एक पाऊल टाकले. ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का अशा ठिकाणी त्याने खडकांना कॅमेरे जखडून टाकले आणि दिवसाच्या उजेडात ठरावीक वेळाने ते आपोआप चित्र घेत राहतील अशी व्यवस्था केली. वर्षानुवर्षांची ही चित्रे एकापुढे एक झरझर दाखविली की जी हिमनदी डोळ्यांना निश्चल भासते, तीच वाहताना, खंगताना आणि मागे सरताना दिसते. त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ग्रीनलंडमधील इलुलिसाट येथे हिमनदीचा कडा तुटून समुद्रात कोसळताना चित्रित केला. ते कोसळणे ७५ मिनिटे चालले होते. आणि कॅमेरा आला म्हणून हाताची गरज सरली असेही नाही. झारिया फोरमन ही अमेरिकन चित्रकर्ती या प्रदेशांत जाऊन येते आणि मग खडूची पूड बोटांनी व तळहाताने कागदावर चोळून हिमखंडांची भिंतभर मोठी चित्रे काढते. ज्या हिमखंडाचे चित्र पुरे व्हायला महिने लागले, तो खुद्द हिमखंड तोवर विरघळूनही गेलेला असतो.

बाहेरून आलेल्यांविषयी एवढे बोललो. पण ज्यांचा तो देशच आहे, त्यांचे काय? ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील कुनित नावाच्या रहिवाशाने १८८० च्या दशकात लाकडात कोरलेले किनाऱ्याचे नकाशे डेन्मार्कच्या गुस्ताव होल्म यांना दिले. एका पट्टीवर किनाऱ्याच्या खाड्या आणि सुळके, दुसऱ्या पट्टीवर समोरची बेटे. हे नकाशे डोळ्यांनी वाचावे तसेच बोटांनी चाचपूनही वाचता येतात. ज्यांनी किनारा असा बोटांत साठविला, त्यांना त्यातला फरक आधी कळला तर नवल काय? कॅनडातील झकारियास कुनुक या इन्युइट दिग्दर्शकाने इयान माउरो यांच्यासह २०१० साली वृद्ध शिकाऱ्यांच्या अनुभवांवर एक चित्रपट केला. त्यात त्या वृद्धांनी सांगितले की, सूर्य आता पूर्वीच्या जागी मावळत नाही. शास्त्रज्ञांना प्रथम हे चमत्कारिक वाटले. परंतु हवेचे थर तापले-निवळले म्हणजे त्यांतून येणारा प्रकाश वाकतो आणि क्षितिजाजवळचा सूर्य सरकल्यासारखा दिसतो, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे आले. सूर्य हलला नव्हता. हवा बदलली होती. वृद्धांनी शास्त्र वाचलेले नव्हते, पण त्यांनी आपला डोंगर आणि आपला सूर्यास्त आयुष्यभर एकाच ठिकाणाहून पाहिला होता.

उत्तरेकडे स्वालबार्ड द्वीपसमूहात कोंग्सफ्योर्ड नावाची खाडी आहे. त्या खाडीत ब्लोमस्ट्रांड नावाचे जे द्वीपकल्प होते, त्याच्या नॉर्वेजियन नावातही द्वीपकल्प हा शब्द आहे. १९९० च्या दशकात हिमनदी मागे सरली आणि लोकांना दिसले की हे द्वीपकल्प नव्हेच, हे बेट आहे. मधली जमीन समजत होते तो बर्फ होता. नाव मात्र आजही जुनेच आहे. याच खाडीच्या काठी, नी-ऑलसुंड येथे, २००८ साली भारताचे हिमाद्री हे संशोधनकेंद्र सुरू झाले. त्याची सूत्रे आपल्या गोव्यातून, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून हलतात. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याच्याच किनाऱ्यावरून डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली निघाली होती. त्यानंतर उभारलेले दक्षिण गंगोत्री हे आपले पहिले केंद्र काही वर्षांतच बर्फाखाली गाडले गेले आणि सोडून द्यावे लागले. तेव्हा हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. ध्रुवावरचा जमिनीवरील बर्फ वितळला की त्याचे पाणी समुद्रात येते, आणि समुद्राला मांडवी, जुवारी आणि कोकणच्या खाड्या ओळखीच्या आहेत.

या साऱ्यातून शिकण्यासारखे काय? आपल्या शाळांत चित्रकलेचा तास म्हणजे गणित राहिले असेल तर त्याला देऊन टाकावयाचा तास, असे आपण मानीत आलो. पाहण्याची सवय हेही शिक्षण आहे हे आपण विसरतो. विल्सन काही जगातला सर्वश्रेष्ठ चित्रकार नव्हता. त्याचा गुण एवढाच की जे दिसत नाही ते त्याने घातले नाही, आणि जे दिसले ते गाळले नाही. हे कोणत्याही मुलाला, कोणत्याही गावी करता येण्यासारखे आहे. गावाजवळच्या नदीचे पाणी मे महिन्यात कोणत्या दगडापर्यंत असते, आंब्याला मोहर कोणत्या आठवड्यात येतो, टेकडीवर झाडी कुठवर आहे, याचे एक साधे रेखाटन, खाली तारीख आणि उभे राहण्याची जागा, आणि दर वर्षी त्याच दिवशी पुन्हा एक. दहा वर्षांनी ती वही त्या गावाचा इतिहास होईल. आज त्यात सांगण्यासारखे काही नाही असे वाटेल. विल्सनच्या ढगांतही त्या वेळी कोणाला काही वाटले नव्हते. पण पुढे कोणी विचारील की इथे पूर्वी काय होते, तेव्हा उत्तर देणारे कोणीतरी असले पाहिजे. ते काम आपल्यापैकी काहींनी आजच हाती घ्यावे, एवढीच विनंती करून हे भाषण पुरे करतो.